खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, लोक मला जुनी म्हणतात. माझा आकार जुना, माझे सूर जुने, माझ्यावर वाजणारी गाणी तर तीनशे वर्षांपूर्वीची. पण मी स्वतः काही जुनी नाही. दूरदेशच्या एका कारागिराने जुन्या वाद्याबरहुकूम मला घडवले, त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. म्हणजे वयाने मी तरणीताठी, पण जन्मतःच आजीबाई. अशा माझ्यावर भर सकाळी, विहिरीच्या काठावर, जे ओढवले ते आठवले की अजून माझ्या तारा थरथरतात. तेच तुम्हांला सांगायला बसले आहे.

माझे नाव गांबा. पुरते नाव व्हिओला दा गांबा. सारंगीची थोरली बहीण म्हणा हवे तर. वाजवणारा खुर्चीवर बसून मला दोन गुडघ्यांत धरतो आणि माझ्यावर गज फिरवतो. गांबा म्हणजे त्या परक्या भाषेत पाय. माझ्या तारा पोलादाच्या नाहीत. मेंढीच्या आतड्यांपासून वळलेल्या तातीच्या आहेत. माझे पडदेही तातीचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. आणि माझे सगळे जोड जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने चिकटवलेले. एक खिळा नाही की एक स्क्रू नाही. मानेच्या टोकाला, जिथे इतर वाद्यांना नुसता गोल वळसा असतो, तिथे माझ्या कारागिराने हौसेने एका बाईचे डोके कोरले. कपाळ रुंद, केस मागे बांधलेले, ओठ मिटलेले. पुढचा सगळा घोटाळा या डोक्याने आणि माझ्या नावाने केला.

धीरज मला घेऊन आला. धीरज मूळचा पालघरजवळच्या माहीमचा, पानवेलीच्या वाडीतला. वाडीत पाणी सोडायचे सोडून पोरगा परदेशी गेला आणि युरोपातले ते तीनशे वर्षांपूर्वीचे, बरोक काळचे संगीत शिकून आला. बाप आत्माराम म्हणाला, "एवढा लांब गेला आनी आनला काय, तर लाकडाचा ढोल!" पण धीरजने ते हसण्यावारी नेले. तो बोईसरच्या एका शाळेत संगीत शिकवू लागला आणि तिथेच एक खोली घेऊन त्याने आमचा मेळ जमवला.

मेळ म्हणजे किती? दोन व्हायोलिन, एक लाकडी बासरी, पिसाच्या काडीने तारा छेडणारी हार्पसिकॉर्ड नावाची पेटी, मी, आणि चार गाणारे. आमच्यात कोरस नसतो. एका भागाला एकच गळा. एकाने श्वास चुकवला तर झाकून घ्यायला शेजारी कोणी नाही. शिवाय आम्ही आजच्या सुरापेक्षा अर्धा सूर खाली लावतो, जुनी वाद्ये तशीच खुलतात म्हणून. शाळेतल्या पेटीमास्तरांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांनी कानांवर हातच ठेवले. "अहो धीरजसर, सगळेच्या सगळे एकदम बेसूर कसे झाले?" शिफ्ट सुटल्यावर कामगार खिडकीशी थबकत. एकाने मला बघून सल्ला दिला होता, "भैया, इतना बड़ा वायलिन है, कंधे पे कैसे रखोगे?"

त्या चार गळ्यांतला एक होता स्वराचा. स्वरा धीरजचीच शाळेतली विद्यार्थिनी, आता कॉलेजात जाणारी. तिचे वडील खंडेराव नगरकडचे, कारखान्यात फिटर. एका जुन्या गाण्यात फक्त ती, पेटी आणि मी होतो. रात्रभर जागलेली एक बाई झोपेला 'ये, ये' म्हणून बोलावते, असे ते गाणे. तिचा सूर वर चढला की खालून मी तिला धरायचे. मी हलले तर ती पडणार, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. मित्रांनो, माझे कौतुक असे क्वचितच कोणी केले असेल, पण सराव संपला की ती पोर माझ्या खांद्यावर दोन बोटे टेकवून जायची. मला तेवढे पुरत असे.

मग धीरजने बोईसरची खोली सोडली, सराव शाळेत हलवला आणि तो माहीमला घरी राहायला आला. तिथे माझे खोके उघडले ते त्याच्या आईने. तिला सगळे माई म्हणत. मला बघून माईने तोंडावर हातच ठेवला.

"अगं बाय! ही कोन रं?"

"गांबा," धीरज म्हणाला.

"अंबा?"

धीरजला हसू आवरेना. "हो माई. अंबा."

झाले. त्याने हसून सोडून दिले आणि तिने मनात धरून ठेवले. बाईचा चेहरा, नाव अंबा, आणि पोराने सातासमुद्रांपलीकडून उचलून आणलेली. माईने माझ्या कोरीव कपाळावर कुंकवाचे बोट टेकवले तेव्हा मी दचकलेच. आजवर मला कोणी हात जोडले नव्हते. धीरजने ते कुंकू बघितले, पुन्हा हसला, आणि सरावाला गेल्यावर सगळ्यांना रंगवून सांगितले. सगळे पोट धरून हसले. स्वरा तेवढी म्हणाली, "सर, त्यांना सांगा ना खरं." तो म्हणाला, "असू दे गं. गोड वाटतं."

नवरात्र बसले. एरवी या घरात मासळीशिवाय घास उतरत नाही, पण घट बसले की माईच्या स्वयंपाकघरात मासळीचे नाव काढायची सोय नसे. तिने मला माजघरात देव्हाऱ्याशेजारी, घटापाशी उभे केले. सकाळी झेंडूची माळ माझ्या मानेत पडायची. सरावाला निघताना धीरज ती हलकेच काढून घटापाशी ठेवायचा. मीही, खरे सांगते, त्या मानाला सोकावले. आपण देवी नाही हे मला माहीत होते. पण मला वाचा कुठे होती?

खंडेनवमीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, पालघरच्या सभागृहात आमचा कार्यक्रम. स्वरा पहिल्यांदाच एकटीने गाणार होती आणि खंडेरावांनी त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. धीरज सभागृह बघायला सकाळीच निघून गेला. इकडे आत्मारामांनी कोयते, पहार, फवारणीचा पंप, स्कूटर सगळे अंगणात काढले आणि धुवायला घेतले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्याला त्या दिवशी आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचे, त्याच्याकडून काम घ्यायचे नाही.

माई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुमचं समदं झालं. माज्या पोराच्या हत्याराला कोन पुसनार?"

आणि मित्रांनो, ती आत आली आणि तिने मला उचलले.

मला वाटले, ओटीवर नेते आहे. ओटी मागे पडली. अंगण मागे पडले. समोर विहीर, काठावरचा धुण्याचा दगड आणि वाफाळणारी कळशी दिसली आणि काय होणार ते मला कळले. तिने आधी माझ्या पाठीला खोबरेल चोळले. मग रिठ्याचे पाणी. मग कळशी. थंड पाणी ओतले असते तर कदाचित निभावले असते, पण माईने पाणी तापवले होते. "बाय गं, गार पान्यानं काकडशील," असे ती मला म्हणाली! तोंडचे पाणी पळणे म्हणतात ना, माझ्या बाबतीत पाणी पळत नव्हते, ते माझ्या पोटात शिरत होते. सरसाला गरम पाणी म्हणजे काळ. तो विरघळू लागला. ताती भिजून फुगल्या, ताणल्या, माझी मान ओढू लागल्या. तारांखालची घोडी निसटली. आतला आधाराचा खुंट आडवा पडला. मी ओरडत होते, पण माझा आवाज गजाशिवाय निघत नाही.

तिने मला सुती लुगड्याने पुसले आणि उन्हात ठेवले. वर झेंडूची माळ घातली. हात जोडले.

पाठ सुटली तेव्हा मोठा आवाज झाला. कर्रर्र करून माझी पाठ बरगड्यांपासून उकलली, मान पुढे झुकली आणि ते कोरीव डोके दगडावर टेकले. माईला क्षणभर कळलेच नाही. ती आ वासून उभी राहिली. मग धावली. दोन्ही हातांनी माझ्या फटी दाबून धरू लागली, इकडची दाबली की तिकडची उघडायची. "अवो, या ना हिकडं! अवो, हिला काय झालं बगा!" आत्माराम हातातला कोयता टाकून धावत आले. शेवटी माईने मला पुसलेले ते लुगडे टराटरा फाडले, त्याच्या पट्ट्या केल्या आणि मला जखमी माणसासारखे करकचून बांधले. तिने माझा जीव घेतला होता आणि तीच मला वाचवायला धडपडत होती. मला राग यावा की कीव यावी हेच कळेना.

दुपारी धीरज आला, बरोबर स्वरा. मला शेवटच्या सरावाला न्यायला आले होते. अंगणात शिरल्या शिरल्या त्याने मला बघितले आणि तो विहिरीकडे धावला. स्वराच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"माई, हे काय केलंस?"

"आंगोळ घातली." माईचा आवाज इतका बारीक झाला होता की मी तो ओळखलाच नाही. "खंडेनवमी हाय ना रं आज."

आणि मग धीरजच्या तोंडाचा ताबा सुटला. "आंघोळ? लाकडाला? सरसाने जोडलंय ते! कातड्याच्या सरसाने! आणि त्या तारा, त्या मेंढीच्या आतड्याच्या आहेत, आतड्याच्या! अंबा नाही ती. गांबा. गांबा म्हणजे पाय, तंगडी! तू नऊ दिवस तंगडीची पूजा करत होतीस!"

माईने हात झटकन मागे घेतले, जणू विस्तवाला लागले. तिने माझ्याकडे बघितले, आत घटाकडे बघितले, पुन्हा माझ्याकडे. "घटापाशी," ती पुटपुटली. "आतडं. माज्या घटापाशी." मी मघाशी उकलले होते, पण ती त्या क्षणी उकलली असे मला वाटले.

मग ती म्हणाली, "तू हसत व्हतास तवा मला वाटलं, कवतिकानं हसतोस."

धीरज माझ्यापाशी बसला आणि लुगड्याच्या पट्ट्या सोडू लागला.

कार्यक्रम झाला. माझ्याशिवाय झाला. झोपेला बोलावणारे ते गाणे त्यांनी गाळले, कारण खालचा आधारच नव्हता. स्वरा बाकीच्या गाण्यांत तिचा भाग गायली, पण एकटीचे गाणे राहून गेले. खंडेराव पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत वाट बघत राहिले, असे मी नंतर ऐकले. मी तेव्हा माजघरात पंख्याखाली, सुटे सुटे तुकडे होऊन, वाळत पडले होते.

खरा धक्का मात्र त्यानंतरचा. माईने मला हात लावणे सोडले, एवढेच नाही. तिने धीरजच्या कशालाच हात लावणे सोडले. त्याचा डबा ती ओट्यावर भरून ठेवायची, हातात द्यायची नाही. त्याचे कपडे दोरीवर वाळून कडक झाले तरी घडी घालायची नाही. त्याच्या खोलीत केर काढायचा झाला तर आत्मारामांना पाठवायची. तो "माई" म्हणाला तर "काय रं?" एवढेच. भांडण नाही, रडणे नाही. हात पदरात गुंडाळून ती दारापर्यंत यायची आणि तिथूनच परत फिरायची. ज्या हातांची मला धडकी भरायची, ते हात दिसेनासे झाले आणि मला त्यांची सवय होती हे माझ्या लक्षात आले. धीरज आतल्या आत सुकत चालला. एवढ्या मोठ्या घरात तीन माणसे, आणि ताटल्यांचा तेवढा आवाज.

त्याने माझ्या कारागिराला फोन लावला. फोटो दाखवले. पलीकडून त्या म्हाताऱ्याचे हसणे ऐकू आले तेव्हा धीरज चक्रावलाच. कारागीर म्हणाला, लाकूड फुटलेय का ते बघ. धीरजने तुकडा न् तुकडा उजेडात धरून पाहिला. एकही फुटला नव्हता. तेव्हा म्हाताऱ्याने समजावले की आम्ही सरस लावतो तो यासाठीच. संकट आले की जोड सुटावा, लाकूड फुटू नये. सुटलेले पुन्हा जोडता येते.

धीरज तडक स्वयंपाकघराच्या दारात गेला. "माई, काही मोडलं नाही. सुटलं फक्त."

माईने चुलीवरची नजर हटवली नाही. पण तिचा हात तव्यावर थांबला, आणि भाकरी करपली.

थंडी पडली, लाकूड पुरते वाळले आणि मला जोडायचा दिवस ठरला. सरसाचे एक वाईट असते. गरम आहे तोवरच तो धरतो; गार झाला की सगळी मेहनत फुकट. म्हणून हात भरपूर लागतात आणि घाई लागते. खंडेराव जोड दाबून धरायचे क्लॅम्प घेऊन आले, ते फिटर माणूस. त्यांनी माझी मान धरली. स्वराने माझे पोट धरले. आत्माराम सरसाचे भांडे गरम पाण्यात सांभाळून बसले. धीरजने भराभर सरस लावला आणि पाठ बसवली. एक बाजू बसली, दुसरी बसली, आणि खालच्या वळणापाशी पाठ उचलली गेली. क्लॅम्प लावायला धीरजला दोन्ही हात हवे होते. उचललेली कड दाबायला कोणी नव्हते.

"सर, गार होतोय," स्वरा ओरडली.

धीरजने मान वर केली. माई दारात उभी होती, हात पदरात.

"माई, हात दे!"

ती हलली नाही. "मी हात लावला की मोडतं रं."

"माई, तुझ्याशिवाय होणार नाही. मी चुकलो. सांगायचं सोडून हसत बसलो. ये गं!"

मित्रांनो, मी सगळ्या फटींसकट श्वास रोखून धरला होता. माईने एकदा सरसाच्या भांड्याकडे बघितले. नाक मुरडले. मग स्वतःशीच म्हणाली, "देवीफुडचा ढोल तरी कशाचा असतो? कातड्याचाच की." आणि पदर खोचून ती आत आली. तिने दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवून असा जोर दिला की खंडेराव म्हणाले, "माई, क्लॅम्पची गरजच न्हाई वो!" वळण बसले. धीरजने एकेक क्लॅम्प आवळला. शेवटचा आवळून झाल्यावरही माईने हात काढले नाहीत.

कडेने सरस ओघळला होता. धीरजने ओले फडके पुढे केले. माईने ते घेतले आणि एकदम थबकली.

"पानी हाय यात. चालतं हिला?"

"एवढं चालतं, माई."

"आनी तेल?"

"तेल नाही चालत."

"ऊन?"

"ऊनही नाही."

मग ती विचारतच सुटली. घोडी कशाला, खुंट कशाला, ताती कशा वळतात, तीन ताती जाड का. धीरज सांगत गेला, आणि माई प्रत्येक गोष्टीला गालावर बोट ठेवून "अगं बाय!" म्हणत गेली. इतके दिवस त्याच घरात राहून ही माणसे एकमेकांशी इतके बोलली नव्हती.

सरस मुरला, नव्या ताती चढल्या, आणि एका संध्याकाळी ओटीवर ते गाळलेले गाणे झाले. हार्पसिकॉर्डची जड पेटी ओटीवर आणणे जमले नाही. फक्त स्वरा आणि मी. ऐकायला खंडेराव, आत्माराम, माई. पहिल्या सुराला मी घाबरले होते, मान सुटते की काय असे वाटत होते. मान सुटली नाही. स्वराचा सूर वर गेला आणि मी तिला खालून धरले. गाणे संपल्यावर खंडेराव डोळे पुसत राहिले. माई मात्र डोळे विस्फारून माझ्या तारांकडे बघत होती.

"मेंढीचं आतडं," ती म्हणाली, "असं रडतं व्हय!"

कोणी हसले नाही.

मित्रांनो, मला हात लावू नका असे मी कधीच म्हणणार नाही. हात न लावलेली वस्तूही मरते, ते मी पंख्याखाली पडल्या पडल्या पाहिले आहे. मला जपायचे तर आधी विचारा, हिला काय चालते, काय चालत नाही. वस्तूला विचारा, आणि घरातल्या माणसालाही. आणि तुम्हांला एखादी गोष्ट ठाऊक असेल, आणि समोरचे माणूस भाबडेपणाने भलतेच नाव घेऊन हात जोडत असेल, तर गंमत म्हणून बघत राहू नका. त्याच दिवशी, त्याच्याजवळ बसून, खरे काय ते सांगा.